व्होल्टचा आकडा आणि नाहूरची भिंत

रोजच्या कामासाठी बॅटरीवरचे लहान ड्रिल मशीन निवडताना बहुतेकांचे लक्ष आधी व्होल्टच्या आकड्याकडे जाते. वास्तविक यंत्र उपयोगी पडेल की नाही, हे भोक कोणत्या भिंतीत पाडायचे आहे यावर अधिक ठरते. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधील नाहूरमध्ये हे विशेष जाणवते, कारण तेथील जुन्या इमारतींच्या भिंती विटांच्या आहेत, तर नव्या टॉवरांमध्ये ‘मिव्हान’ पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभारलेल्या अखंड भिंतीही आढळतात.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय पडद्याचे रॉड आणि टीव्हीचे स्टँड बसवण्याचा आहे, आणि काम टॉवरमध्येही असते हे विक्रेत्याला खरेदीपूर्वीच स्पष्ट सांगितले होते. त्यावर ‘48 व्होल्टचे आहे, पिलरसुद्धा फोडेल’ अशी ग्वाही मिळाली. प्रत्यक्षात काँक्रीटमध्ये बिट अर्धा इंचही न शिरता तापले, मोटारीतून जळका वास येऊ लागला आणि घरमालकादेखत दुसऱ्या कारागिराचे मशीन मागून आणावे लागले. खरा उलगडा बॅटरी चार्जिंगला लावताना झाला: बॅटरीवर ठळक 48 छापलेले असताना चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट 21 व्होल्ट’ अशी नोंद होती. बॅटरीतील प्रत्येक लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचा होतो; त्यामुळे 21 व्होल्ट म्हणजे एका माळेत पाच सेल, आणि सेलच्या 3.6 या नाममात्र व्होल्टप्रमाणे ते यंत्र 18 व्होल्टचे ठरते. 48 हा आकडा केवळ स्टिकरवर होता.

हा हिशेब समोर ठेवल्यावर विक्रेत्याने आधी ‘तुम्ही दाबून चालवले’ असा ठपका ठेवला, मग ‘बॅटरीला वॉरंटी नसते’ असे सांगितले आणि अखेरीस बिलच दाखवण्यास फर्मावले. विक्रीच्या वेळी ‘बिल हवे तर 18 टक्के जास्त पडतील’ असे म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून देणारा इसम तोच होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

निवडीचे निकष त्यामुळे कामावरून ठरवावेत. प्लायवूड, स्क्रू आणि बिजागऱ्यांसाठी तीन सेलचे, म्हणजे 12 व्होल्ट लिहिलेले आणि नाममात्र 10.8 व्होल्टचे यंत्र पुरते. त्याचा चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, साधारणतः 10 मिलीमीटरचा असतो आणि हलकेपणामुळे शिडीवर हात भरून येत नाही. विटांसाठी 18 व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल घ्यावे. काँक्रीटसाठी मात्र रोटरी हॅमरच हवा, कारण त्यातील दट्ट्या हवेच्या दाबाने बिटावर घाव घालतो आणि खाचा असलेले एसडीएस बिट पुढे-मागे सरकू शकते. इम्पॅक्ट ड्रिलमधील दातेरी चकत्यांचा ठोका हाताच्या जोरावर अवलंबून असल्याने तेथे तोकडा पडतो. ब्रशलेस मोटारीत कार्बन ब्रश झिजण्याचा प्रश्न नसतो, म्हणून रोज वापरणाऱ्याला ती परवडते. किंमत फारच कमी दिसल्यास ती ‘बेअर टूल’ची, म्हणजे बॅटरी-चार्जरविना यंत्राची, नाही ना हे तपासावे. दुसरी बॅटरी जवळ ठेवावी, सर्व्हिस सेंटर जवळ आहे का ते पाहावे, माहितीपुस्तिका वाचावी.

पैसे देण्यापूर्वी चार्जर उलटा करून आउटपुट वाचावा, आणि शक्य तर दुकानातच काँक्रीटच्या तुकड्यावर यंत्र चालवून पाहावे. यास नकार देणाऱ्याकडून खरेदी करू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कारागिरांनी टक्केवारीच्या धाकाला बळी न पडता पक्के बिल मागून घ्यावे, कारण तोंडी ग्वाही देणारे विक्रेते तक्रारीच्या वेळी कागदच मागतात.