कार्ड पेटीत, पैसे पसार

पूर्वी लोक पैसे गाडग्यात घालून पुरून ठेवीत. चोर भिंत फोडून येई. सकाळी भिंतीला भोक दिसे आणि घरच्यांना चोरी कळे.

आता आपले पैसे बँकेत असतात. २०१४ साली जनधन योजना सुरू झाली. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ लोकांनी खाती उघडली. खात्याबरोबर कार्ड मिळाले. सोय चांगली झाली. पण कार्डाची चोरी निराळी असते. कार्ड घरातच राहते आणि पैसे जातात. भिंतीला भोक पडत नाही. मग ही चोरी ओळखायची कशी? ओळखल्यावर करायचे काय? ते या धड्यात पाहू.

कार्डाचे आकडे

आपले कार्ड हातात घ्या. त्यावर बहुधा सोळा आकडे असतात. तो कार्डाचा नंबर. जवळच महिना व वर्ष असते. कार्ड तोपर्यंत चालते. मागच्या बाजूला तीन आकडे असतात. तेही मोलाचे आहेत.

पिन कार्डावर नसतो. तो आपल्या ध्यानात ठेवायचा असतो. ओटीपी म्हणजे एका व्यवहारापुरता आकडा. तो फोनवर येतो आणि थोड्या वेळाने बाद होतो.

चोराला कार्ड नको असते. त्याला हे आकडे हवे असतात. कधी तो फोन करून गोड बोलतो, ‘तुमचे कार्ड बंद पडणार आहे, नंबर सांगा.’ कधी पैसे काढण्याच्या यंत्राला चोरून दुसरे लहान यंत्र लावतो. कधी दुकानात कार्ड आपल्या नजरेआड नेले जाते आणि आकडे टिपून घेतले जातात. आपल्या देशात कार्डाने घरबसल्या खरेदी करताना बहुधा ओटीपी लागतो. परदेशातली काही दुकाने तो विचारतही नाहीत. नुसत्या आकड्यांवर पैसे जातात.

सखूबाईने काय केले

समजा, एका गावात सखूबाई राहते. तिने कांदा विकला. त्याचे १८,४०० रुपये खात्यात जमा झाले. मंगळवारी सांजच्याला ती चुलीपुढे बसली होती. फोन वाजला. संदेश आला होता. सखूबाई नुकतीच वाचायला शिकली होती. इंग्रजी आकडेही तिला येत होते. तिने हळूहळू वाचले. ४,८५० रुपये डेबिट. डेबिट म्हणजे पैसे गेले. क्रेडिट म्हणजे पैसे आले. एवढे तिला वर्गात शिकवले होते.

तिने पेटी उघडली. कार्ड जागच्या जागी होते.

“अहो, पैसे गेले बघा! अन् कार्ड तर हितंच हाय,” ती नवऱ्याला म्हणाली.

“आता रात झाली. शुक्रवारी बाजाराला जाऊ, तवा बँकेत इचारू,” नवरा म्हणाला.

शेजारचा भाचा ओसरीवर होता. तो म्हणाला, “मामा, शुक्रवार नको. आत्ताच फोन करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागं असतो. मामी, कार्ड आणा.”

सखूबाईने त्या नंबरावर फोन लावला. हा फोन रात्रीही चालतो. बँकेच्या माणसाने नाव विचारले. कोणता व्यवहार आपला नाही ते विचारले. पिन विचारला नाही. ओटीपीही विचारला नाही. त्याने कार्ड बंद केले आणि तक्रारीचा नंबर दिला. सखूबाईने तो वहीत लिहिला. तारीख आणि वेळही लिहिली.

मग तिने १९३० या नंबरावर फोन केला. पैशांच्या फसवणुकीची वर्दी देण्यासाठी हा सरकारी नंबर आहे. वर्दी लवकर गेली, तर वाटेतले पैसे चोराने काढून नेण्याआधी अडवता येतात.

रात्री पुन्हा कोणी त्याच कार्डाने ६,००० रुपये काढू पाहिले. पण कार्ड बंद होते. ते पैसे वाचले.

बुधवारी सकाळी सखूबाई शाखेत गेली. तिने अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एक दिली. दुसरीवर शिक्का व सही घेतली. हीच पोच. पोच नसेल तर तोंडच्या सांगण्याला पुरावा राहत नाही. मग तिने पोलीस ठाण्यातही तक्रार दिली.

बँकेने ४,८५० रुपये काही दिवसांनी खात्यात परत घातले आणि चौकशी चालू ठेवली.

बापूंचे काय झाले

त्याच गावात बापू राहत होते. त्यांना एक फोन आला. त्यांनी कार्डाचा नंबर सांगितला आणि ओटीपीही सांगितला. ३,००० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस म्हणाला, “काका, चूक झाली. पैसे परत पाठवतो. नवा आकडा सांगा.” बापूंनी तोही सांगितला. आणखी ५,००० गेले.

बापूंना लाज वाटली. लोक हसतील म्हणून त्यांनी आठ दिवस कोणाला सांगितले नाही.

बापूंनी पहिल्याच दिवशी कळवले असते तर कार्ड बंद झाले असते. ५,००० रुपये वाचले असते. फसणे हा गुन्हा नाही. गुन्हा फसवणाऱ्याचा. आपली चूक झाली असली तरी कळवावे, आणि लगेच कळवावे. पैसे परत मिळवण्यासाठी ओटीपी कधीच सांगावा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नियम काय सांगतो

२०१७ साली रिझर्व्ह बँकेने याबाबत नियम घातले. चोरी बाहेरच्याने केली, खातेदाराची चूक नाही, आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत खातेदाराने कळवले, तर त्याच्यावर काहीच भार नाही. ४ ते ७ दिवसांत कळवले, तर काही भार खातेदारावर येतो. जनधनसारख्या साध्या खात्याला त्याची हद्द ५,००० रुपये ठेवली होती. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, असेही ठरले.

खातेदाराने स्वतःच आकडे सांगितले असतील, तर कळवण्याआधीचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर पैसे गेले, तर ते नुकसान बँकेचे. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचे काम बँकेवर आहे.

मुदती आणि रकमा पुढे बदलू शकतात. आज काय आहे ते शाखेत विचारावे. पण ज्याने लवकर कळवले त्याची बाजू भक्कम, ही गोष्ट पक्की.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही.

अर्जाचा नमुना

मा. शाखाधिकारी यांस,
माझा खाते नंबर …… आहे. दिनांक …… रोजी माझ्या खात्यातून …… रुपये कार्डाने गेले. हा व्यवहार मी केलेला नाही. कार्ड माझ्याजवळच आहे. मी दिनांक …… रोजी फोनवर कळवले आहे. तक्रार नंबर …… आहे. रक्कम परत जमा करावी आणि नवे कार्ड द्यावे, ही विनंती.
सही ……

लक्षात ठेवा

१. बँकेचा प्रत्येक संदेश वाचा.
२. पिन, ओटीपी आणि मागचे तीन आकडे कोणालाही सांगू नका. कार्डाचा फोटो पाठवू नका.
३. बँकेचा नंबर कार्डावरून किंवा पासबुकावरून घ्या. दुसरीकडे खोटे नंबर असतात.
४. परदेशी आणि घरबसल्या खरेदीची गरज नसेल, तर कार्डाची ती सोय बंद ठेवता येते. बँकेत सांगा.
५. आधी कार्ड बंद, मग १९३०, मग लेखी अर्ज आणि पोच.

प्रश्न

१. डेबिट म्हणजे काय? क्रेडिट म्हणजे काय?
२. सखूबाईचे ६,००० रुपये कशामुळे वाचले?
३. बापूंनी केव्हा कळवायला हवे होते? का?
४. अर्जाच्या दोन प्रती कशासाठी न्याव्या?

आता हे करा

आपल्या कार्डामागचा बँकेचा नंबर वहीत लिहा. त्याखाली १९३० लिहा. तेच दोन नंबर घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.