घरातील बजरीगर पक्षी व त्यांची वीण

रानातला हिरवा पोपट धरून पिंजऱ्यात घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती मना केली आहे; तेव्हा त्याविषयी येथे लिहावयाचे नाही. ज्यास पोपटाच्या जातीचा पक्षी घरी बाळगण्याची हौस असेल त्याने बजरीगर पाळावा. बाजारात ह्यास 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला असून तो अगदी निराळा पक्षी आहे.

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलुखातला. १८४० साली जॉन गूल्ड ह्या पक्षिशास्त्रज्ञाने तो जिवंत इंग्लंडात नेला, आणि तेथून पुढे तो घरोघर वाढू लागला. त्याच्या मूळ देशात पाऊस केव्हा पडेल ह्याचा नेम नसतो. पाऊस पडून गवताला दाणा आला की हे पक्षी विणीस लागतात व दाणा संपला की थांबतात. पिंजऱ्यात मात्र दाणा कधी संपत नाही. म्हणून मादी थांबत नाही, आणि तिला थांबविण्याचे काम पाळणाऱ्यावर येते. हे न जाणल्यामुळे पुष्कळ माद्या अकाली मरतात.

नर व मादी ओळखण्याची खूण चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवतीच्या मऊ कातडीवर असते. वयात आलेल्या नराची ती निळी असते. मादीची फिकट असून विणीच्या दिवसांत तपकिरी होते. अगदी पांढऱ्या व अगदी पिवळ्या पक्ष्यांत ही खूण फसवी आहे. मादी एक वर्षाची झाल्यावाचून तिला पेटी देऊ नये. पेटी लाकडी असावी: तळ सुमारे १५ सेंटिमीटर चौरस, भोक ४ सेंटिमीटर रुंद, आणि तळाच्या फळीस मधोमध उथळ खळगा, म्हणजे अंडी इकडेतिकडे घरंगळत नाहीत. गवत घालण्याची गरज नाही. एका पिंजऱ्यात अनेक जोडपी असल्यास पेट्या जोडप्यांहून अधिक ठेवाव्या, नाहीतर माद्या एकमेकींस रक्तबंबाळ करितात.

मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. ती एकटीच उबविते व नर तिला भरवितो. सुमारे १८ दिवसांनी पिले निघू लागतात. परंतु तीही एक दिवसाआड निघत असल्याने थोरले पिलू धाकट्याहून आठदहा दिवसांनी मोठे असते. धाकटे कधी कधी चेंगरते. म्हणून रोज एकदा पेटीत डोकावून पाहावे. पक्षी माणसाळलेले असले तर ते ह्यास हरकत घेत नाहीत. पाच आठवड्यांच्या सुमारास पिले बाहेर येतात, व पुढे काही दिवस बाप त्यांस भरवितो.

राळे हे मुख्य खाद्य. त्यासोबत स्वच्छ धुतलेली कोथिंबीर किंवा पालक, मोड आलेले धान्य, आणि समुद्रफेन अवश्य असावा. समुद्रफेन न मिळाल्यास कोंबडीच्या अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक कुटून द्यावी. चुना अंगात कमी पडला म्हणजे अंड्याचे कवच मऊ होते व अंडे आत अडकते. अशी मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते आणि कुंथते. तिचे पोट दाबू नये. अंडे आत फुटल्यास ती वाचत नाही. तिला उबदार जागी ठेवून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

पिलांना गिऱ्हाईक मिळते असे दिसताच वर्षभर पेटी लटकवून ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. वर्षातून दोन विणी पुरेत. दुसरी पिले स्वतः खाऊ लागली की पेटी काढावी, नर व माद्या निराळ्या पिंजऱ्यांत ठेवाव्या, आणि ओले व मोडाचे खाद्य कमी करावे. मादीने नव्या पेटीत अंडे घातलेच असेल तर मात्र ती वीण पुरी होऊ द्यावी.

पिसांची व विष्ठेची धूळ छातीस अपाय करते. घरात दम्याचे माणूस असल्यास पिंजरा निजण्याच्या खोलीत नसावा, आणि तो झाडताना आधी पाणी शिंपडावे.