पहिल्या विणीची पिल्लं का दगावली?

प्रश्न : वाघोलीत आमच्या घराच्या गच्चीवर न्यूझीलंड व्हाइट सशांची जोडी पाळली आहे. डिसेंबरात मादी पहिल्यांदा व्याली, सात पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही. बरीचशी जाळीवर गारठून पडली होती, एकाचे पाय खाल्लेले होते. मादी पिल्लांजवळ बसतच नव्हती. शेजारच्या आजी म्हणतात, तुम्ही हात लावलात म्हणून तिनं टाकली. ही मादी काढून दुसरी घ्यावी का?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : इतक्यात काढू नका. पहिलटकरणीची पूर्ण वीण जाणं ससापालनात नवं नाही, आणि तुमच्या पत्रावरून दोष मादीपेक्षा पिंजऱ्याचा दिसतो.

आपल्या माळावर दिसणारा रानससा वेगळा. त्याचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात विणारा. त्याचं पिल्लू उघडंनागडं, आंधळं. डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, बाकीच्या पिल्लांना चिकटून आणि आईच्या केसांत दडूनच ते तगतं. घरट्यात तीस अंशांच्या वर ऊब लागते. डिसेंबरातल्या पहाटे वाघोलीच्या गच्चीवर काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पत्रात विणीच्या पेटीचा उल्लेखच नाही, तिथंच शंका येते. पेटी म्हणजे बिळाची बदली. गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी आत ठेवायची, तळाशी लाकडाचा भुसा, वर मऊ वाळलं गवत. मादी पोटाचे केस उपटून त्यावर अंथरते. नवखी मादी कधी केस उपटत नाही, कधी जाळीवरच विते. तिनं केस काढले नाहीत, तर तिच्याच पोटाचे थोडे हलक्या हातानं काढून पेटीत घालावेत. विण्याच्या सुमारास ते सहज निघतात. पेटीचा उंबरठा वीतभर उंच हवा. आचळाला चिकटलेलं पिल्लू आईबरोबर फरफटत बाहेर येतं, आणि मांजरीसारखं तोंडात धरून परत नेण्याची सवय सशिणीला नाही. जाळीवर पडलं ते गारठलंच.

ती जवळ बसत नाही, याची मात्र काळजी नको. सशीण दिवसातून एकदाच, बहुधा रात्री किंवा पहाटे, तीन-चार मिनिटं पाजते आणि लांब जाते; रानात बिळापाशी घुटमळली तर शिकाऱ्याला पत्ता लागेल ना! दूध मिळालं की नाही, ते सकाळी पिल्लाच्या पोटावरून कळतं. पाजलेल्याचं पोट टम्म आणि कातडी ताणलेली असते, उपाशी पिल्लू सुरकुतलेलं आणि हात लागताच वळवळणारं. त्यामुळे हात लावायचाच, रोज लावायचा. आधी हात मादीच्या अंगावरून फिरवून घ्या म्हणजे झालं. आजींचं म्हणणं पाळून पेटीत डोकावलंच नाही, तर मेलेलं पिल्लू आत कुजतं आणि उरलेल्यांनाही बाधतं.

खाल्लेल्या पायांचं म्हणाल, तर विताना वार खाता खाता नवखी मादी पिल्लाला इजा करते, किंवा आधीच मेलेलं कुरतडते. तहान आणि भीती हीही कारणं असतात. त्या आठवड्यात पाणी चोवीस तास हवं. कुत्रं, फटाके, बघायला आलेली मुलं लांबच ठेवा. उंदीर आणि मुंग्यांचाही संशय घ्या. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

थंडगार पिल्लू मेलंच असं समजू नका. दोन्ही तळव्यांत धरून किंवा फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशी ठेवून ऊब द्या; पुष्कळदा हालचाल सुरू होते. गार असताना तोंडात दूध मात्र घालू नका.

मादी अंगानं बरी असेल, तर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा नराकडे सोडायला हरकत नाही. एप्रिल-मेपर्यंत लांबवू नका, उन्हाच्या तडाख्यात नराची प्रजननक्षमता घटते. शक्य असेल तर आणखी एक मादी पाळून दोघींना एकाच दिवशी नर दाखवा. एकीला दूध नसेल तर पिल्लं दुसरीच्या पेटीत सरकवता येतात, वयात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नसला की झालं. पेटी, पाणी, ऊब सगळं नीट असूनही तिसऱ्या विणीला हेच झालं, तर मादी बदला. आणि पिल्लं पोट भरलेली असूनही मेली, तर ताजं मेलेलं पिल्लू बर्फावर ठेवून औंधच्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात तपासून घ्या. ते फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या पेशींतून नीट निदान होत नाही.