वर्तमानपत्रांचं टेबल शेवटी हलव

चि. सोनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि तू अजून वाचनालयातच होतीस. पाडव्याला नव्या इमारतीचं उद्घाटन, त्याआधीच्या शनिवार-रविवारी सगळी पुस्तकं हलवायची, असं कार्यकारिणीने ठरवल्याचं तू सांगितलंस. मग थोडा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, "मावशी, मी सोडते ही नोकरी." त्या वेळी मी फार बोलले नाही. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेल्या माणसाला उपदेश करू नये, आधी घरी जेवायला पाठवावं. आता सविस्तर लिहिते.

नोकरी सोडावी असं मनात येण्यात काही वावगं नाही. आपण ज्यांना गुरुस्थानी मानतो त्या रंगनाथनांच्याही मनात ते आलं होतं. गणित शिकवणारे रंगनाथन १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकटेपणाला कंटाळून, मला परत शिकवायला जाऊ द्या म्हणून वरिष्ठांकडे गेले. लंडनला जाऊन हा विषय शिकून या, आल्यावरही मन लागलं नाही तर परत जा, असं ठरलं. तिथली ग्रंथालयं पाहून ते आले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याच ग्रंथालयात राहिले. आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं ते तिथूनच.

पण त्यांचीच आणखी एक गोष्ट सांगतात. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही विधी आटोपून ते दुपारी कामावर हजर झाले. रोज तेरा-तेरा तास काम, आणि त्या वीस वर्षांत एकदाही रजा नाही. आमच्या ग्रंथपालन वर्गात सरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या. आज वाजवणार नाही. त्यांचं वर्गीकरण घे, त्यांची सूत्रं घे, हे मात्र घेऊ नकोस. तुझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न पुस्तकं हलवण्याच्या त्याच शनिवारी आहे आणि तू तिला 'नाही जमणार' असं कळवून मोकळी झालीस, हे मला ताईकडून समजलं. तिला आजच फोन कर आणि येते म्हणून सांग.

आता म्हणशील, मग पुस्तकं कोण हलवणार? त्याचंच सांगते.

कार्यकारिणीपुढे तक्रार घेऊन जाऊ नकोस, हिशेब घेऊन जा. तुमच्याकडे २२,००० पुस्तकं आहेत. एका गठ्ठ्यात पंधराच बांध. जास्त बांधलीस तर जिना उतरताना माणसाची कंबर जाते. म्हणजे साडेचौदाशेच्या वर गठ्ठे झाले. फळीवरून काढणं, पुसणं, बांधणं, चिठ्ठी लावणं, खाली नेणं, याला एका जोडीला गठ्ठ्यामागे पाच मिनिटं धर. १२० तासांच्या वर काम होतं, आणि हे नुसतं टेम्पोपर्यंत. तिकडे उतरवून लावायचं वेगळंच. कागदावर मांडून अध्यक्षांच्या हातात दे. ते कापडाचे व्यापारी आहेत म्हणालीस ना? मग गोदाम हलवायला किती दिवस लागतात ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. उद्घाटन पाडव्याला खुशाल होऊ द्या, पुस्तकं त्यानंतर तीन आठवडे टप्प्याटप्प्याने येतील, असं सुचव. आणि हलवण्याआधी महिनाभर सभासदांना एकाच्या जागी पाच-पाच पुस्तकं दे, परतीची तारीखही पुढची घाल. जेवढी पुस्तकं वाचकांच्या घरी, तेवढे गठ्ठे कमी.

हे शहाणपण मला महागात पडून आलेलं आहे. १९९४ साली आमचं वाचनालय जुन्या वाड्यातून नव्या जागेत गेलं तेव्हा मी तुझ्याच वयाची होते, आणि माझाही असाच हट्ट होता की सगळं मीच करणार. कुठलं कपाट कुठे जाणार, कुठल्या गठ्ठ्यानंतर कुठला उतरणार, सगळं माझ्या डोक्यात होतं. कागदावर एक ओळ नाही. शिपाईमामांनी विचारलं, "बाई, आम्हाला पण काय ते सांगा." मी म्हटलं, "मी आहे ना उभी." तिसऱ्या दिवशी मला ताप भरला, डोळे पिवळे दिसायला लागले आणि डॉक्टरांनी कावीळ म्हणून अंथरुणावर झोपवलं ते तीन आठवडे.

माझ्यामागे काय झालं असेल याची कल्पना कर. टेम्पोत शेवटी चढलेला गठ्ठा आधी उतरतो, एवढी साधी गोष्ट, पण ती कुणाला सांगितलेलीच नव्हती. कपाटं उलट्या क्रमाने भरली गेली. कॉलेजची मुलं श्रमदानाला आली होती. फार मनापासून राबली ती, त्यांचा काही दोष नाही. पण ड्यूईच्या वर्गीकरणातले दशांश क्रमांक त्यांना कुणी शिकवले नव्हते. एक मुलगा क्रमांक मोठ्याने वाचायचा, "आठशे एक्क्याण्णव पूर्णांक सेहेचाळीस", आणि लावणारा मनात म्हणायचा, सेहेचाळीस म्हणजे साताच्या पुढे. म्हणून ८९१.७ ची रशियन पुस्तकं आधी आणि ८९१.४६ चं अख्खं मराठी साहित्य त्यांच्यामागे गेलं. तीन कपाटं भरल्यावर लक्षात आलं. तेव्हा तू मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांग, टिंबाच्या पुढचा आकडा एकेक करून वाचायचा. सेहेचाळीस नाही, चार, सहा. चार साताच्या आधी येतो, संपलं.

त्या आजारपणात आमच्या सासूबाईंनी जे केलं ते तुला कधी सांगितलं नाही. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. मी वाचनालयातून उशिरा घरी आले की त्या बोलायच्या नाहीत, ताट वाढून बाजूला ठेवायच्या, आणि मला वाटायचं त्यांना माझी नोकरी आवडत नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्या कपाटांचा क्रम आठवून सांगायला लागले तेव्हा त्या चष्मा लावून, पाट पुढ्यात घेऊन बसल्या आणि जुन्या वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून लिहीत गेल्या. मोठं, टपोरं अक्षर. ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कादंबरी. मध्येच थांबून म्हणाल्या, "म्हणजे चाळीतल्या खोल्यांसारखंच की गं हे. इमारत एक, मजला एक, खोली वेगळी." वर्गीकरण इतक्या थोडक्यात मला कुणी समजावलं नव्हतं. रोज संध्याकाळी तुझे काका त्या चिठ्ठ्या शिपाईमामांकडे पोचवायचे. आठवडाभर हे चाललं. त्या आठवड्यात मला कळलं की त्यांचा राग नोकरीवर नव्हताच. मी घरात कुणाला काही सांगत नव्हते, त्यावर होता.

म्हणून सांगते, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा आत्ताच लिही. कुठल्या दिवशी तुला उशीर होणार, कुठल्या दिवशी छोटीला शाळेतून कोण आणणार, सगळं. जावईबापूंना आयत्या वेळी फोन करून 'आज तुम्ही बघा' म्हणण्यात आणि आठ दिवस आधी विचारण्यात फार फरक आहे. आयत्या वेळचं काम अंगावर पडल्यासारखं वाटतं, विचारून दिलेलं आपलं वाटतं. छोटीला एखाद्या रविवारी घेऊन जा तिकडे. चिठ्ठ्यांना डिंक लावायला सहा वर्षांची पोर पुरेशी असते.

शिपाईमामांचंही असंच. तुमच्याकडचे मामा तीस वर्षं तिथे आहेत. कुठलं पुस्तक कुठे आहे हे त्यांना क्रमांकावरून नाही, बांधणीच्या रंगावरून आणि फळीच्या जागेवरून माहीत आहे. जागा बदलली की त्यांची ती सगळी माहिती एका दिवसात निरुपयोगी होणार, आणि हे त्यांना कळलेलं असणार. तू म्हणालीस, हल्ली ते चिडचिड करतात. त्यांना नवी जागा आधी नेऊन दाखव. कपाटांचा नकाशा त्यांच्यासोबत बसून काढ. कादंबऱ्या कुठे असाव्यात हे त्यांना ठरवू दे. वाचक सर्वात जास्त काय मागतात ते त्यांच्याइतकं आपल्याला माहीत नसतं.

बाकीचं भराभर सांगते. दाखल नोंदवह्या टेम्पोत घालायच्या नाहीत, स्वतःच्या हातात न्यायच्या. पुस्तक गेलं तर ते गेलं हे तरी त्या वहीवरून कळतं, वही गेली तर काहीच कळत नाही. सुतळी आवळताना वर-खाली पुठ्ठा ठेव, नाहीतर कडा कापल्या जातात. प्रत्येक फळी पाव भाग रिकामी सोड, नवीन पुस्तकं येतच राहणार. आणि नव्या इमारतीत तुम्हाला तळमजला मिळाला आहे म्हणून दुर्मिळ पुस्तकं, जुने अंक खालच्या फळीवर कधीही ठेवू नकोस. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये पुराचं पाणी शिरलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. भिजून फुगलेली पुस्तकं फळीतून ओढून काढता येत नाहीत, इतकी ती एकमेकांत घट्ट बसतात. तुमच्या गावाची नदी लहान आहे हे खरं, पण छताची पन्हाळ तुंबायला नदी लागत नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते. आमचं वाचनालय त्या वेळी तीन महिने बंद राहिलं. पूर्ण बंद. वर्तमानपत्रांचं टेबलसुद्धा मी पहिल्याच दिवशी हलवून टाकलं होतं, कारण ते दारातच होतं आणि गठ्ठ्यांच्या आड येत होतं. त्या टेबलाशी रोज सकाळी नऊला एक आजोबा यायचे. निवृत्त पोस्टमन होते. सभासद नव्हते, वर्गणी परवडण्यासारखी नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, अग्रलेख दोनदा. जाताना सगळी पानं नीट लावून, घडी घालून, वर्तमानपत्राची काठी वर ठेवून जायचे. तीन महिन्यांनी आम्ही दार उघडलं, सगळे आले, ते आले नाहीत. पंधरा दिवस वाट पाहून मी त्यांच्या घरी गेले. सूनबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "वाचनालय बंद झालं तेव्हा आठ दिवस जाऊन कुलूप बघून यायचे. मग बाहेर पडायचंच सोडलं त्यांनी." आजोबा आत खाटेवर होते. मला ओळखलं. "उघडलं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, उघडलं, या ना. "बघू," म्हणाले. पुढे ते कधी आले नाहीत.

पुस्तकांचा क्रम मी नंतर वर्षभरात लावून घेतला. त्यांचा दिवसाचा क्रम मी मोडला तो मला लावता आला नाही. तीस वर्षं झाली, अजून नऊ वाजता कधीतरी आठवण येते.

म्हणून माझं एवढं ऐक. वर्तमानपत्रांचं टेबल सगळ्यात शेवटी हलव, आणि नव्या जागेत सगळ्यात आधी तेच मांड. संध्याकाळी इकडे बंद कर, दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे उघड. मध्ये एक दिवसही जाऊ देऊ नकोस. कपाटं उघडी पडलेली असोत, भिंतीला रंगाचा वास येत असो, एक टेबल, सहा खुर्च्या आणि त्या दिवसाचे अंक असले की पुरे. जुन्या दारावर नव्या जागेचा पत्ता मोठ्या अक्षरात लाव, आणि ज्यांना चालवत नाही अशा दोघा-चौघांना पहिल्या दिवशी मामांना हाताला धरून घेऊन यायला सांग. कोण कोण येतात त्यांची नावं तुझ्याकडे नसतील, कारण त्या टेबलावर नोंद होत नाही. उद्या सकाळी नऊला तिथे जाऊन बस आणि बघ.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने मी आणि तुझी आई येत आहोत. ताईचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, चिठ्ठ्या ती लिहील. मी दोन किलो सुतळी इथूनच घेऊन येते, आमच्याकडे काथ्याच्या दुकानात स्वस्त मिळते. शनिवारी तू लग्नाला जायचंस, दिवसभर मी मामांबरोबर उभी राहीन. लग्नाला ती हिरवी पैठणी नेस. आणि रात्री वाचनालयात एकटी बसू नकोस.

जावईबापूंना नमस्कार, छोटीला गोड पापा. कळावे.

तुझी,
मावशी