मोटारीची हमी : मुदत, मोल आणि मालकी

व्यापारी मनुष्य मोटार घेण्यास निघाला म्हणजे प्रथम किंमत विचारतो, नंतर एका लिटरला किती किलोमीटर चालते ते विचारतो, आणि जुन्या मोटारीचे काय देता यावर घासाघीस करतो. हमी किती वर्षांची, हा प्रश्न बहुधा अखेरीस येतो. कित्येकदा येतही नाही. वास्तविक किंमत एकदाच मोजावयाची असते, पण हमीचा संबंध त्यापुढील पाच-दहा वर्षांच्या खर्चाशी असतो. आज आपल्या अनेक सभासदांच्या दारी घरची मोटार आणि पेढीवर मालवाहू टेंपो उभा आहे. घर व दुकान यांच्या खालोखाल कुटुंबाचे भांडवल गुंतते ते याच ठिकाणी. यास्तव हमीची मुदत खरेदीवर व मालकीवर कसा परिणाम करते, याचा थोडा पद्धतशीर विचार येथे करावयाचा आहे.

हमी म्हणजे नेमके काय?

आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याने 'अट' आणि 'हमी' यांत भेद केला आहे. जी गोष्ट सौद्याच्या मुळाशी असते ती अट. ती मोडल्यास खरेदीदारास माल नाकारता येतो. हमी ही मुख्य सौद्याला जोडून आलेली गोष्ट होय. ती मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. हा भेद आपणां व्यापाऱ्यांस नवा नाही. वानगी एक व पोत्यात माल दुसरा निघाला, तर तो सौदाच मोडण्याजोगा. पण बारदान थोडे हलके निघाले, तर तेवढी कसर कापून सौदा उभा राहतो.

मोटारीचा कारखानदार जी लेखी हमी देतो, तिचा आशय इतकाच असतो की, ठरावीक मुदतीत घडणीतील अथवा साहित्यातील दोषामुळे एखादा भाग निकामी झाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून वा बदलून मिळेल. नवी मोटार देऊ, असे ती म्हणत नाही. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, वायपरची रबरे हे झिजणारे भाग सामान्यतः तीत येत नाहीत. अपघाताचे नुकसान हा विम्याचा विषय आहे, हमीचा नव्हे. शिवाय मुदत दुहेरी असते : अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल ते.

लांब मुदतीचा इतिहास

लांब हमीचे राजकारण प्रथम अमेरिकेत खेळले गेले. १९६० पर्यंत तेथील मोटारींना सर्वसाधारणपणे ९० दिवस अथवा ४,००० मैल एवढीच हमी असे. पुढे ती १२ महिने अथवा १२,००० मैल झाली. १९६३ च्या मोटारींसाठी क्रायस्लर कंपनीने इंजिन व चाकांना गती देणारी यंत्रणा यांवर ५ वर्षे अथवा ५०,००० मैलांची हमी देऊन बाजारात खळबळ उडविली. गिऱ्हाईक वळू लागले तसे प्रतिस्पर्ध्यांनाही तिचे अनुकरण करावे लागले. परंतु दुरुस्तीची बिले येऊ लागली तेव्हा त्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी ही मुदत आखडती घेतली. वचन देणे सोपे, पण त्याची हुंडी कारखान्याच्या नफ्यावर वटते, हा धडा त्या वेळी मिळाला.

याहून बोधप्रद उदाहरण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीचे आहे. १९८६ साली तिने 'एक्सेल' ही मोटार अमेरिकेत ४,९९५ डॉलरांपासून विकावयास आणली. पहिल्याच वर्षी १,६८,००० हून अधिक मोटारी खपल्या. परंतु लौकरच त्यांच्या नादुरुस्तीची ओरड सुरू झाली आणि 'स्वस्त पण टाकाऊ' असा शिक्का बसला. १९९८ साली विक्री ९० हजारांच्या आसपास घसरली. तेव्हा कंपनीने १९९९ च्या मोटारींसाठी एक धाडसी हमी जाहीर केली : इंजिन व गिअरपेटीसह गती देणाऱ्या यंत्रणेवर १० वर्षे अथवा १ लक्ष मैल, आणि एकंदर मोटारीवर ५ वर्षे अथवा ६०,००० मैल. त्या काळी तेथे ३ वर्षे अथवा ३६,००० मैल ही रूढ मुदत होती. २००० साली विक्री सुमारे २,४४,००० वर गेली, व २००३ साली तिने ४ लक्षांचा आकडा ओलांडला.

मात्र हे यश केवळ कागदावरील वचनाचे नव्हे. त्याच सुमारास कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या चुंग मोंग-कू यांनी गुणवत्तेवर सारा भर दिला. मोटारीही नव्या घडणीच्या आल्या. २००४ साली जे. डी. पॉवर या संस्थेच्या नव्या मोटारींच्या पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीस जाऊन बसली. दहा वर्षांची हमी दिल्यावर वाईट मोटार बनविणे कारखान्यालाच परवडेनासे झाले, हे यातील मर्म आहे. गिऱ्हाईकाला दिलेले वचन कारखान्याच्या आतला पहारेकरी बनले.

गिऱ्हाईक लांब मुदतीवर विश्वास का ठेवतो?

याची मीमांसा जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका प्रसिद्ध निबंधात केली. पुढे २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा भीतीपोटी सर्वच मोटारींना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही, आणि बाजारात वाईट माल तेवढा उरतो. यावरील एक उपाय म्हणजे हमी. दोष निघाल्यास खर्च विकणाऱ्याच्या अंगावर पडणार असल्याने, ज्याचा माल किडका त्याला लांब हमी देणे परवडत नाही.

धान्याच्या बाजारात आपण हेच पाहतो. पोते फोडून, परखी घालून, मूठभर दाणे तळहातावर घेऊन आपण गव्हाची परीक्षा करतो. मोटारीच्या इंजिनात परखी घालता येत नाही. म्हणून तेथे विकणाऱ्याच्या वचनाची मुदत हीच वानगी ठरते. तथापि हमीचा खर्च किमतीतच धरलेला असतो, हे विसरू नये. कोणताही कारखानदार धर्मार्थ हमी देत नाही.

आपल्या वापराचा हिशेब

हमीची मुदत प्रत्येकास सारखी लाभत नाही. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली २ वर्षे अथवा ४०,००० किलोमीटरची हमी वाढवून ३ वर्षे अथवा १ लक्ष किलोमीटर केली. आता दोन मालक कल्पून पाहू. एकाची घरची मोटार वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. तीन वर्षांत ती २४,००० किलोमीटर होते. जुन्या हमीतही त्याचे किलोमीटर संपले नसते. त्याचा सारा लाभ वाढलेल्या एका वर्षात आहे. दुसरा मनुष्य वसुलीसाठी गावोगाव हिंडतो. त्याची मोटार दिवसाला १५० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४५,००० किलोमीटर चालते. जुन्या हमीत त्याची मुदत अकरा महिन्यांच्या आतच सरली असती. नव्या हमीत ती सुमारे सव्वादोन वर्षे पुरते. कागदावर दोघांस तीन वर्षे दिसतात, पण दुसऱ्यास तीन वर्षे कधीच मिळत नाहीत. म्हणून जास्त चालविणाऱ्याने किलोमीटरचा आकडा पाहावा, थोडे चालविणाऱ्याने वर्षांचा.

पैसे भरून मुदत वाढवून घेण्याची सोयही बहुतेक कंपन्या देतात. हा एक प्रकारचा विमाच होय. मोटार पाच वर्षांच्या आत विकावयाची असेल, तर किती वाढीव वर्षे खरोखर उपयोगी पडतील ते मोजावे. दहा वर्षे ठेवावयाची असेल, तर इंजिन, गिअरपेटी व विजेची नाजूक यंत्रे यांच्या एका मोठ्या दुरुस्तीशी त्या रकमेची तुलना करावी.

मालकीवर होणारे परिणाम

हमी संपण्याच्या सुमारास मोटार विकून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. याचे कारण उघड आहे : त्यानंतरचा प्रत्येक बिघाड मालकाच्या खिशातून जावयाचा. लांब हमीमुळे मनुष्य मोटार अधिक काळ ठेवतो व दर वर्षी होणारी घसाऱ्याची झळ कमी बसते.

दुसरा परिणाम पुनर्विक्रीच्या भावावर होतो. पण येथे बारीक अक्षरे वाचावी लागतात. ह्युंदाईची अमेरिकेतील ती दहा वर्षांची हमी मूळ मालकापुरतीच होती. दुसऱ्या मालकास ती ५ वर्षे अथवा ६०,००० मैल एवढीच उरे. उलट किआ कंपनीची युरोपातील ७ वर्षे अथवा दीड लक्ष किलोमीटरची हमी मालक बदलला तरी चालू राहते. पहिल्या प्रकारात लाभ मोटार राखणाऱ्याचा, दुसऱ्या प्रकारात विकणाऱ्याचाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. त्यांची बॅटरी हा किमतीचा मोठा हिस्सा असतो, आणि तीवर ८ वर्षे अथवा १ लक्ष ६० हजार किलोमीटर अशी हमी पुष्कळ कंपन्या देतात. ती नव्या मालकाकडे किती जाते, हे विचारल्यावाचून जुनी विजेची मोटार घेणे म्हणजे गोदाम न पाहता माल उचलणे होय.

तिसरा परिणाम देखभालीवर होतो. नियत वेळी तपासणी न केल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक सर्व्हिसचे बिल जपावे.

कायद्याचे साहाय्य

हमी असूनही दाद न मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. परंतु व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः धंदा करणाऱ्यास मात्र सवलत आहे. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीच्या नावे घेतलेली मोटार व्यापारी हेतूची मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. तरीही मोटार पेढीच्या नावे घ्यावी की घरच्या, हे ठरविताना केवळ आयकराचा नव्हे, या मुद्द्याचाही विचार आपल्या वकिलाकडून करून घ्यावा.

सारांश, सौदा पक्का करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत : मुदत वर्षांची किती व किलोमीटरची किती? कोणते भाग तीत येतात? मालक बदलल्यास ती राहते काय? देखभालीच्या अटी कोणत्या? आणि जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे? यांची उत्तरे तोंडी न घेता छापील हमीपत्रात बोट ठेवून वाचावीत. घरातील तरुण मंडळींनी रंग व बैठक पाहावी. वडीलधाऱ्यांनी हमीपत्र पाहावे. दोघांनीही आपले काम नीट केले, तर घेतलेली मोटार कुटुंबास पुष्कळ वर्षे सुखाने वाहून नेईल.