शेकडा गुण आणि शततमक



अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की घरोघर एक वाक्य ऐकू येते : “९२ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरात ब्याण्णव गुण!” तसे नाही. २०० पैकी १२० गुण मिळवणाऱ्याचेही पर्सेंटाइल ९२ येऊ शकते. कसे ते पाहू.

पर्सेंटाइलला गणितात शततमक म्हणतात. जेईई मेन आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी या परीक्षांचे निकाल २०१९ पासून शततमकात दिले जातात. या परीक्षा अनेक सत्रांत होतात व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एक सोपी, दुसरी अवघड, असे होणारच. मग नुसत्या गुणांची तुलना कशी करायची? त्यासाठी हे सूत्र :

शततमक = (तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे ÷ सत्रातील एकूण विद्यार्थी) × १००

समजा, पहिल्या सत्रात ५,००० विद्यार्थी बसले. माधवला १२० गुण मिळाले आणि तेवढे किंवा कमी गुण मिळवणारे ४,६०० निघाले. त्याचे शततमक ९२. दुसऱ्या सत्रातील पत्रिका अवघड होती. तेथे ६,००० विद्यार्थ्यांत सुनंदाला १०८ गुण मिळाले. तेवढे किंवा कमी गुण मिळवणारे ५,५८०. तिचे शततमक ९३. गुण कमी, पण क्रमांक वरचा!

यामागे एक गृहीतक आहे. नीट मिसळलेल्या पोत्यातून दोन पायल्या ज्वारी काढली, तर दोन्हींत भरल्या आणि पोचट दाण्यांचे प्रमाण जवळपास सारखे येते. सत्रांतील विद्यार्थ्यांचेही तसेच मानले जाते. संख्या मोठी असेल तरच हे चालते.

आता दुसरी बाजू पाहा. समजा, १० लाख विद्यार्थी परीक्षेस बसले. तर ९८ आणि ९९ शततमकांमध्ये सुमारे १०,००० विद्यार्थी उभे असतात, आणि ९० शततमकवाल्याच्या पुढे सुमारे एक लाख! म्हणून जेईई मेनचा निकाल दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात. जाहिरातीतला ‘९०’ पाहून हुरळून जाऊ नका आणि स्वतःचा ‘८५’ पाहून नापास झाल्यासारखे खचूही नका. हा आकडा तुमची रांगेतील जागा सांगतो. तुम्हाला भौतिकशास्त्र किती आले, हे सांगत नाही.

जेईई मेनमधून निवडलेले सुमारे अडीच लाख विद्यार्थी आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड देऊ शकतात. ती परीक्षा सर्वांची एकाच दिवशी, त्याच प्रश्नपत्रिकांवर होते. म्हणून तेथे शततमकाची गरज नाही. गुणांवरच क्रमांक लागतो.

मग बारावीचे काय? २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. २०१७ पासून ते गेले. पण आयआयटी, एनआयटीसाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळातील पहिल्या २० टक्क्यांत स्थान लागतेच. प्रवेशपरीक्षा ही रांग, तर बारावी हा उंबरठा. उंबरठा न ओलांडणाऱ्याला रांगेतील पहिली जागाही उपयोगी पडत नाही. तेव्हा क्लासच्या घाईत महाविद्यालयाचा वर्ग आणि प्रयोगशाळा सोडू नका.

स्वाध्याय : एका सत्रात ८,००० विद्यार्थी होते. तुमच्यापेक्षा जास्त गुण ३६० जणांना मिळाले. तुमचे शततमक किती? (उत्तर : ९५.५)