खालच्या पट्टीत वाच

मनू, लेकाला झोपताना पुस्तक वाचून दाखवतेस हे फार बरं करतेस. पण परवा ऐकलं, फार धावत वाचतेस. पूर्णविरामाला थांबावं. तेवढ्यात पोर चित्रावर बोट ठेवतं, काहीतरी विचारतं. ते झालं की मगच पान उलटायचं.

आवाजाचं मी तुझ्या आजोबांकडून शिकले. ते कारखान्यात प्रेस शॉपला होते. रात्रपाळी करून यमुनानगरला घरी आले तरी कानात मशीन घणघणतच असायची, डोळा लागायचा नाही. मी उशाशी बसून हाताला येईल ते वाचायची. पुढे त्यांना कमी ऐकू यायला लागलं. मी आवाज चढवला की वैतागायचे. मग कळलं, गोंगाटात काम केलेल्या कानांना आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज पोचतो. म्हणून ओरडायचं नाही. जवळ बसायचं, सावकाश, शब्द सुटे करून वाचायचं. पोर झोपवतानाही मला हाच आवाज कामी आला.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर विसाव्यांदा वाच. शब्द बदलू नकोस, पोरं लगेच पकडतात. ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टीत वेताळ शेवटी पुन्हा झाडावर जातो, हे तुझ्या आईला पाठ होतं. मी तिथं मुद्दाम थांबायची, ती ओरडून पुरं करायची. आणि गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ कधी विचारायचं नाही, त्यानं गोष्टीची शाळा होते.

थोडा मोठा झाला की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घे. तो फुरसुंगीचा. एकदा पोराला तिथं घेऊन जा, गोष्टीतलं गाव खरोखर आहे हे त्याला बघू दे. ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. फोनवरून वाचलंस तरी चालेल, आवाज तुझा हवा.

‘श्यामची आई’ मात्र पुस्तकातूनच. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, त्याच्या बेचाळीस रात्री आहेत. रोज एकच रात्र वाचावी. गळा दाटला तर थांब, पाणी पी, पुस्तक मिटू नकोस. मी अशी थांबले तेव्हा तुझ्या आईनं, सात वर्षांची होती, अक्षरं जुळवत पुढचं वाक्य स्वतः वाचलं होतं.

फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नकोस, पिवळी पडते आणि कागद खाते. पातळ खळ, वर पतंगाचा कागद, सावलीत वाळवायचं.

येत्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काही दिवस वाचायचं नाही म्हणालेत डॉक्टर. संध्याकाळी पोराला घेऊन येत जा, मलाही वाचून दाखव.